बायोटेक आणि फार्मा, बाबांसाठी

ती. बाबांना साष्टांग नमस्कार,

परवा तुम्ही विचारलंत की औषधाच्याच कंपनीत आहेस ना, मग बायोटेक बायोटेक काय लावलंयस. फोनवर नीट सांगता आलं नाही म्हणून लिहितेय.

मुख्य फरक औषध बनतं कसं त्यात आहे. जुन्या फार्मा कंपन्या रसायनांपासून गोळ्या बनवतात, अ‍ॅस्पिरिनच घ्या, मॉलिक्युलर वेट (रेणूचं वजन) जेमतेम 180, एवढा छोटा रेणू कुठल्याही कारखान्यात बनवा, तसाच्या तसा होतो. आम्ही बायोटेकवाले पेशी वाढवतो, त्यांच्यात जीन घालतो आणि प्रोटीन त्या बनवतात. बऱ्याच अँटीबॉडी (औषध म्हणून वापरायची मोठी प्रोटीनं) चायनीज हॅमस्टरच्या अंडाशयातून आलेल्या पेशींत बनतात, आणि एकेका अँटीबॉडीचं वेट साधारण दीड लाख! पीएच (आम्लता) नाहीतर ऑक्सिजन जरा हलला की प्रोटीनवरच्या साखरेच्या साखळ्या बदलू शकतात. त्यामुळे पेटंट संपलं की गोळीची जेनेरिक, म्हणजे हुबेहूब नक्कल, लगेच निघते, आमच्या औषधाचं बायोसिमिलर, म्हणजे जवळजवळ तसंच दुसरं औषध, काढायचं तर भरपूर चाचण्या करून दाखवाव्या लागतात. आणि तोंडाने घेतलं तर पोटात पचून जातं, म्हणून इंजेक्शनच.

दुसरा फरक पैशाचा, आणि मला विचाराल तर खरा तोच. फार्माकडे कारखाने, एमआर, चालू विक्री सगळं असतं. छोट्या बायोटेककडे कित्येक वर्षं विकायला काहीच नसतं, इन्व्हेस्टरच्या पैशावर चालतं. जेनेंटेक ही बायोटेक कंपनीच बघा, 1976 मध्ये हर्बर्ट बॉयर नावाचा शास्त्रज्ञ आणि रॉबर्ट स्वॉन्सन यांनी काढली, 1978 मध्ये बॅक्टेरियाकडून मानवी इन्सुलिन बनवून घेतलं (तोवर गाई-डुकरांच्या स्वादुपिंडातून काढायचे), पण 1982 ला मंजुरी मिळाल्यावर ते बाजारात आणलं एली लिलीने, जुन्या फार्मा कंपनीने. आणि 2009 मध्ये रोश या बड्या फार्मा कंपनीने जेनेंटेक पूर्णच ताब्यात घेतली. कोरोनाच्या लसीतही तेच, बायोएनटेकचं तंत्र आणि फायझरचा पसारा. म्हणजे हल्ली बड्या फार्मा कंपन्याही अँटीबॉडी विकतात, भिंत अशी उरलेली नाही.

आता आई विचारेल नोकरी पक्की आहे का. खरं सांगायचं तर आमचं एकच औषध ट्रायलमध्ये आहे, अजून फेज दोन, म्हणजे माणसांवरच्या चाचण्यांचा मधला टप्पा. फेल गेलं तर दुसरी नोकरी शोधावी लागेल, इथे त्याचं कोणाला फार वाटत नाही, पण आईला हे जरा बेताने सांगा.

तुमची,
छोटी