मागच्या खोलीतली भेग

चि. बाळास,

प्रभू येशूच्या नावाने सलाम.

सोमवारी पहाटे पहिल्या एसटीने तू निघालास, तेव्हा दारातली नेहमीची प्रार्थना झाली नाही. तू बूट घालून तयार होतास, मी तोंड धुण्याचे निमित्त करून मोरीत उभा राहिलो आणि तुझी आई एकटीच उंबऱ्यात काहीतरी पुटपुटली. या घरातून दूरच्या गावाला निघालेला माणूस प्रार्थनेवाचून बाहेर पडल्याचे मला आठवत नाही. धाकट्या आत्याच्या लग्नात एवढे रामायण झाले, तेव्हासुद्धा नाही. फोनवर माझा आवाज मास्तरचा होतो असे तूच म्हणतोस, म्हणून चार दिवस थांबून हा कागद घेतला आहे.

आधी चांगले लिहितो. रविवारच्या उपासनेत आपल्या मंडळीपुढे तू दिलेला पहिला उपदेश चांगला झाला. ज्या बाकावर बसून तू चिंचोके खेळायचास, त्याच बाकावर बसून मी फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राचा दुसरा अध्याय तुझ्या तोंडून ऐकला, आणि देवाच्या स्वरूपात असलेल्या ख्रिस्ताने स्वतःला रिक्त करून दासाचे रूप घेतले, वधस्तंभावरील मरण सोसण्याइतके लीन केले, हे तू समजावून सांगत होतास तेव्हा माझा ऊर भरून आला होता. तुझ्या आईने तर रुमाल भिजवला. त्या रिक्त होण्यासाठी ग्रीकमधून आलेला ‘केनोसिस’ हा शब्द तू सहा वेळा वापरलास. मी मोजत नव्हतो, पण चाळीस वर्षे शाळेत काढलेल्या माणसाकडून मोजले जाते.

त्यानंतर गिरणीवाल्या आजी प्रार्थनेला उभ्या राहिल्या. त्यांनी गुडघ्याच्या दुखण्याबद्दल सांगितले, म्हैस व्याली म्हणून आभार मानले, नातवाच्या नोकरीचे गाऱ्हाणे घातले आणि बऱ्याच वेळाने बसल्या. उपासना सुटल्यावर पायऱ्यांवर तू तरुण मुलांना हसत म्हणालास की ही प्रार्थना नव्हे, किराणा मालाची यादी आहे. आजी तुझ्या मागेच वाकून चपलेचा अंगठा चाचपत होत्या. त्या मला एवढेच म्हणाल्या, “पोरगं लई शिकलं, मास्तर.” त्यांच्या आवाजात राग नव्हता, कौतुक होते, आणि तेच मला दुपारच्या जेवणावर बोलायला लावून गेले.

ताटावर बोलायला नको होते. देवापुढे लीन हो, असे मी म्हणालो आणि तू हातातला घास ठेवून म्हणालास, “पिढ्यानपिढ्या वाकतच आलोय आपण, पप्पा. गावानं वाकवलं, मिशनच्या साहेबांनी वाकवलं, आता तुम्ही.” मला उत्तर सुचले नाही, म्हणून मी आवाज चढवला. तुझा प्रश्न खरा होता, हे मला त्या दिवशी कबूल करता आले नाही, आज करतो. लीनता या शब्दाआडून आपल्या माणसांना गप्प बसवले गेले आहे आणि मीसुद्धा तुझ्या लहानपणी तो शब्द छडीसारखा वापरला आहे.

पण तुझ्या आजोबांची चावडीची गोष्ट तू अर्धीच लक्षात ठेवली आहेस. पणजोबांनी बाप्तिस्मा घेतल्यानंतरही महारकी सुटली नव्हती. चावडीसमोरून जाताना कमरेत वाकून ‘जोहार मायबाप’ म्हणायची रीत होती. बारा वर्षांच्या आजोबांनी एके दिवशी वडाळ्याच्या मिशन शाळेतून परत येताना ताठ उभे राहून ‘सलाम’ म्हटले. त्याबद्दल पाठीवर बसलेल्या काठीचा वण त्यांनी मला म्हातारपणी, आंघोळीच्या वेळी, जणू एखादे पदक दाखवावे तसा दाखवला होता. हे तुला ठाऊक आहे. त्या रात्री काय झाले, ते तू विसरतोस. पणजोबांनी मुलाला जवळ घेतले, घोंगडीची चौघडी जमिनीवर घातली आणि दोघेही गुडघ्यांवर आले. माणसापुढे वाकायचे नाही हे ज्या दिवशी ठरले, त्याच रात्री देवापुढे वाकणे सुटले नाही. आणि मला वाटते, पहिले शक्य झाले ते दुसऱ्यामुळे. आजोबा ऐंशी वर्षांचे होईपर्यंत त्याच घोंगडीवर गुडघे टेकत. उठताना पलंगाच्या कडेला धरावे लागे, तेव्हा मी म्हणायचो की बसून प्रार्थना केली तरी देव ऐकतो. ते म्हणत, “त्याला ऐकू येतंच रे, मला मी कोण ते कळावं म्हणून.”

तू गुडघे टेकतोस ना? हे विचारायचे नाही असे ठरवून बसलो होतो. राहू दे.

योहानाच्या तेराव्या अध्यायातले एक वाक्य मला या चार दिवसांत पुनःपुन्हा आठवले. पित्याने सर्व काही आपल्या हाती दिले आहे, आपण देवापासून आलो आणि देवाकडे जातो, हे येशूला ठाऊक होते असे तिथे आधी लिहिले आहे आणि मग तो भोजनावरून उठला, कमरेला रुमाल बांधला आणि शिष्यांचे पाय धुऊ लागला. आपण कोण आहोत हे ठाऊक नसलेला माणूस वाकतो ती लाचारी. ज्याला ठाऊक आहे त्याचे वाकणे निराळे असते, आणि त्याला कोणी वाकवलेले नसते. तुझ्याइतका मी शिकलेलो नाही; यात काही चूक असेल तर दुरुस्त कर. तुझ्या प्रश्नाचे माझ्याजवळचे उत्तर मात्र एवढेच आहे.

आणि शिकणे वाईट असे मी कधी म्हटले? पंडिता रमाबाईंहून अधिक कोण शिकले होते? 1878 साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटले, 1883 साली इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि तरीही पुढे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडायचा राहिला होता. एवढ्या मोठ्या बाईला हे चारचौघांत लिहिताना काय वाटले असेल याचा मी पुष्कळदा विचार करतो. मग त्या केडगावला मुक्ती मिशनमध्ये बसून हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, आणि साध्या बायाबापड्यांना समजेल अशा मराठीत सबंध बायबल आणण्यासाठी आयुष्याची शेवटची वर्षे खर्ची घातली. 1922 च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या, त्याच्या थोडेच आधी ते काम हातावेगळे झाले होते. बाळा, जी ग्रीक तू शिकतो आहेस तीच त्या शिकल्या, आणि शिकल्या त्या गिरणीवाल्या आजींसारख्यांसाठी.

पाहा, पुन्हा तास सुरू झाला. क्षमा कर.

मी स्वतः कोणी मोठा लीन आहे असे समजू नकोस. 1994 साली मी मंडळीला पंखा दिला आणि त्याच्या तिन्ही पात्यांवर लाल रंगात नाव रंगवून घेतले, हे तुला माहीत आहे. तुम्ही मुले त्यावर हसायचा. रंगाऱ्याने एका पात्यावर माझे आडनाव चुकवले म्हणून मी पंखा उतरवायला लावला होता, हे मात्र तुला माहीत नसेल. आजोबा खाली उभे राहून पाहत होते. म्हणाले, “फिरायला लागला की कुणालाच वाचता येणार नाही, मग कशाला उतरवतोस?” परूशी आणि जकातदाराचा दाखला, म्हणजे आपण जकातदारासारखे पापी नाही म्हणून देवाचे आभार मानणाऱ्या गर्विष्ठ धार्मिकाची येशूने सांगितलेली गोष्ट, मी शाळेत आणि शब्बाथ शाळेत इतक्या वेळा शिकवला आहे की मोजदाद नाही, आणि दर वेळी, आपण त्या परूशासारखे नाही याबद्दल मनातल्या मनात देवाचे आभार मानले आहेत. तू पायऱ्यांवर हसलास, तेव्हा मला तुझ्यात तू दिसला नाहीस, मी दिसलो. भीती त्याचीच आहे.

तुझ्या खोलीतली ती भेग या उन्हाळ्यात पुन्हा उघडली आहे. आता तिच्यात एक रुपयाचे नाणे उभे जाते. पुढचे घर बांधताना गवंड्याने काळी माती उपसून मुरूम लागेपर्यंत खोदले होते, आणि मागची खोली काढायची वेळ आली तेव्हा पैसे संपत आले होते, म्हणून मीच त्याला दोन फुटांवर थांबवले. पावसाळ्यात माती फुगते तेव्हा भेग मिटते आणि वाटते की ठीक आहे. मी दर वर्षी तिच्यावर चुना ओढतो. रविवारी रात्री तू दार लावून घेतलेस, तेव्हा मी पलीकडच्या बाजूला त्याच भिंतीला टेकून बसलो होतो. वरचे बांधकाम तू माझ्यापेक्षा कितीतरी उंच करणार आहेस; लोकांच्या टाळ्या वरच्या मजल्यालाच मिळतात. खाली किती खोदले, हे तू आणि देव, दोघांनाच ठाऊक राहील. म्हणून विचारतो की रात्री गुडघे... नाही, लिहीत नाही.

आजींकडे मी काल दळण घेऊन गेलो होतो. तुझ्यावतीने माफी मागावी असे मनात होते, पण ती मागण्याचा अधिकार माझा नाही. त्यांनी पैसे घेतले नाहीत. तुझी परीक्षा कधी आहे ते विचारले आणि पिठाच्या हातांनीच कॅलेंडरवर खूण केली. तारखेवर पांढरे बोट उमटले आहे. म्हणजे आता त्या यादीत म्हशीनंतर तुझे नाव असेल.

तुझी आई बरी आहे, साखर थोडी वाढली आहे, काळजीचे कारण नाही. आतेभाऊ शनिवारी पुण्याला येतो आहे. त्याच्याबरोबर चटणी, तुझा राहिलेला राखाडी स्वेटर आणि आजोबांची घोंगडी पाठवतो. घोंगडी एका बाजूने विरली आहे, ती घडी आत ठेव. तुमच्या वसतिगृहाची फरशी गार असते असे तू म्हणाला होतास, म्हणून पाठवली आहे. दुसरे काही कारण नाही.

तुझे,
पप्पा