गवत लावण्याआधी वारा पाहा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या रविवार पुरवणीतला समुद्री गवतावरचा लेख वाचला. हा विषय घेतल्याबद्दल आभार. पण कोकण किनाऱ्यावर सलग समुद्री गवत लावले की लाटांचा मारा कमी होईल, हे त्यातले विधान वाचून गप्प बसवेना. गवताच्या दाट पट्ट्यात लाटेचा जोर मोडतो हे खरे. पण लाटांचा जोर आधीच बेताचा असतो, बहुधा तिथेच ते गवत मुळात रुजते. ही बाजू लेखात एका ओळीनेही आलेली नाही. शिवाय सोबतचे छायाचित्र खडकावरच्या शेवाळाचे आहे. समुद्री गवत ही मुळे, फुले, फळे असलेली वनस्पती आहे आणि तिला बहुधा वाळूत किंवा गाळात पाय रोवावे लागतात. सगळी अडचण तिथूनच सुरू होते.

वाऱ्याचा वेग, तो किती वेळ टिकतो आणि मोकळ्या पाण्यावरून त्याला किती लांब धावायला मिळते, यावर लाट ठरते. दोन लाटांच्या माथ्यांमध्ये जेवढे अंतर, त्याच्या साधारण निम्म्या खोलीपर्यंत पाणी हलते. उथळ भागात ही हालचाल तळाला पोचते, वाळू सरकते, कोवळी रोपे उपटली जातात किंवा गाडली जातात. बरे, खोल पाण्यात जावे तर उजेड कमी. त्यात लाटांनी गाळ ढवळला की पाणी गढूळ होऊन उजेड आणखी घटतो. म्हणून गवताची वरची हद्द बहुतेक ठिकाणी लाटा आणि ओहोटीला उघडे पडून सुकणे यावर ठरते, खालची हद्द उजेड ठरवतो. मधला पट्टा उरला तर गवत, नाही तर नाही.

आपल्याच देशात पाहा. पाल्कच्या उपसागराला दक्षिणेकडून रामेश्वरम बेट आणि रामसेतूचा आडोसा आहे; तिथे गवताची विस्तीर्ण कुरणे आहेत आणि त्यावर चरणाऱ्या डुगाँग या समुद्री सस्तन प्राण्यासाठी तमिळनाडूने २०२२ साली राखीव क्षेत्र जाहीर केले. लक्षद्वीपमध्ये गवत आहे ते प्रवाळाच्या कड्याने लाटा अडवलेल्या आतल्या उथळ पाण्यात. अमेरिकेत व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर बिया पेरून हजारो एकर गवत परत आणले, तेही बाहेरच्या बेटांच्या आडच्या उपसागरांत. कोकणाच्या उघड्या पुळणींवर मात्र नैर्ऋत्य मोसमी वारे सगळा अरबी समुद्र ओलांडून थेट येतात. तिथे लावलेले गवत एक पावसाळा तरी काढेल का?

मराठवाड्यातल्या माणसाला समुद्राचे काय, असे कोणी म्हणेल. आमच्याकडे नाथसागर आहे, म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय. सुमारे ५५ किलोमीटर लांबीच्या या पाण्यावर वारा सुटला की काठ कसा खरवडला जातो, हे पैठण तालुक्यात राहणाऱ्यांना सांगावे लागत नाही. काही वर्षांपूर्वी एका खात्याने आमच्या शिवारात काठाची धूप थांबवायला वाळ्याची रोपे लावली. लावली ती नेमकी नैर्ऋत्येला तोंड असलेल्या उघड्या काठावर. मी जाऊन सांगितले, "साहेब, ही वाऱ्याची बाजू आहे. आषाढात इथे माती टिकत नाही, मुळी कशी टिकेल? निदान आधी दगड रचून लाट मोडा." उत्तर मिळाले, "मंजुरी याच जागेची आहे, सर." आषाढातल्या वाऱ्याने रोपे मुळांसकट बाहेर काढली. फेसाच्या रेघेत ती आडवी पडली होती, मुळ्या धुऊन पांढऱ्या झालेल्या, आणि खाली नुसता मुरूम उरला होता. सरकारी पैसा गेला, बायाबापड्यांचे कष्ट गेले. चौकशी कोणी केली नाही. याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

त्याच शिवारात टेकाडाच्या आड घोट्याएवढा मऊ गाळ आहे. तिथे कोणी काही लावलेले नसताना हायड्रिला हे पाणगवत माजलेले असते, हिवाळ्यात वारकरी पक्ष्यांचे थवे त्यावर उतरतात आणि भोई मंडळी जाळी कुठे टाकायची ते त्यावरूनच ठरवतात. हायड्रिला गोड्या पाण्यातले. पण समुद्रातले हॅलोफिला गवत त्याच्याच कुळातले, आणि कोकणात ते सापडते तेही खाड्यांच्या गाळात. धरणात पाण्याची पातळी खालीवर होते, समुद्रात भरती-ओहोटी असते, हे फरक मी जाणतो. वारा आणि आडोसा यांचा हिशेब मात्र दोन्हीकडे तोच आहे. लेखकाने कोकणातल्या एखाद्या भोयाला किंवा गाबिताला विचारले असते तरी हे कळले असते.

जाता जाता आणखी एक. आपल्या अंकात नाथसागर येतो तो किती टक्के भरला एवढ्यापुरताच. लाटांनी काठ तुटून गाळपेराच्या, म्हणजे पाणी ओसरल्यावर पेरायच्या, जमिनी दरवर्षी खचत आहेत, त्याविषयी मी यापूर्वी पाठवलेले पत्र आपण अर्धे कापून छापलेत आणि कापला गेला तो नेमका गाळपेराचाच भाग. येत्या आषाढात आपला वार्ताहर पाठवा. कोणता काठ तुटतो आणि कुठे गाळ बसतो, ते मी स्वतः सोबत फिरून दाखवीन.

आपला,
एक निवृत्त वनस्पतिशास्त्र शिक्षक,
ता. पैठण, जि. छत्रपती संभाजीनगर