अंगणातल्या तलावाविषयी दिन्याला पत्र

बेलापूर, नवी मुंबई
किंक्रांत

प्रिय दिन्यास,

सप्रेम नमस्कार. तिळगूळ घे आणि फोनवर जे बोललास ते मागे घे. "विहिरीत उड्या मारलेल्या माणसाला अंगणात टाकी कशाला लागते?" हे तुझं वाक्य घरात सगळ्यांना ऐकवून झालं, त्यावर हशाही झाला. उत्तर मात्र फोनवर देण्यासारखं नव्हतं, म्हणून कागद घेतला.

ही पोहण्याची टाकी माझ्यासाठी नाहीच. तुझ्या वहिनीचे गुडघे तुला माहीत आहेत. डॉक्टरांनी पाण्यात चालायला सांगितलंय. कमरेइतक्या पाण्यात पायांवर शरीराचं वजन निम्मंच येतं, छातीपर्यंत पाणी आलं की साधारण तिसरा हिस्सा. जमिनीवर दोनशे पावलांत बसणारी बाई पाण्यात अर्धा तास चालते, हे मी क्लबच्या तलावात स्वतः पाहिलं. पण क्लबला जायचं म्हणजे रिक्षा, जिना, ओली फरशी, आणि तिथली गर्दी. मागचं अंगण रिकामंच होतं. त्यात दोन आंबे आणि एक न लागणारा चिकू, एवढंच. चिकू गेला. आंब्यांना हात लावू दिला नाही.

त्यामुळे तुझ्या डोक्यात जो निळा, खोल, फळीवरून सूर मारायचा पूल आहे, तो काढून टाक. आमचा आठ मीटर लांब, चार मीटर रुंद, एका टोकाला १.२ मीटर खोल आणि दुसऱ्या टोकाला १.४. कंत्राटदार म्हणत होता, "साहेब, एक बाजू तरी सहा फूट करा, शोभा येते." शोभेत उभं राहून गुडघ्यांचा व्यायाम होत नाही. शिवाय खोली वाढली की खोदाई, सळई, पाणी, औषधं सगळंच वाढतं. उतरायला शिडी नाही, रुंद पायऱ्या आणि कठडा. हे तुझ्या वहिनीने ठरवलं आणि ते बरोबरच आहे.

आता मुद्द्यावर येतो, कारण तुझ्या मेहुण्यालाही ठाण्यात कोलशेतच्या प्लॉटवर असाच पूल बांधायचाय असं तू म्हणालास, त्याचा याच्याशी संबंध आहे.

जो कोणी पूलवाला येतो तो आधी टाइल्सचा कॅटलॉग उघडतो. आधी कळस मग पाया. मोझॅक कुठला, दिवे कुठले, धबधबा हवा का. सगळे आतल्या पाण्याबद्दल बोलतात. बाहेरच्या पाण्याबद्दल एकानेच विचारलं, तो म्हणजे आपला स्ट्रक्चरल इंजिनिअर. पहिल्या भेटीत त्याने वर पारसिकच्या डोंगराकडे पाहिलं आणि म्हणाला, "पावसाळ्यात तुमच्या अंगणात उमाळे फुटतात का?" फुटतात! इथल्या आर्टिस्ट व्हिलेज वसाहतीच्या मागे पावसाळ्यात धबधबा कसा कोसळतो तो तू पाहिलायस. जे पाणी वरून दिसत नाही ते मुरुमातून, कातळाच्या भेगांमधून खाली सरकत राहतं आणि आमच्यासारख्यांच्या अंगणाखालून खाडीकडे जातं. जुलै-ऑगस्टमध्ये आमच्याकडे हातभर खणलं तरी ओल लागते.

मग त्याने कागदावर हिशोब मांडला. मला तो इतका आवडला की तसाच तुला देतो. भिंती आणि तळ २०० मिलिमीटर जाडीचे धरले तर टाकीचं बाहेरचं माप ८.४ बाय ४.४ मीटर आणि उंची सरासरी दीड मीटर. म्हणजे जमिनीत साधारण ५५ घनमीटर जागा व्यापली. भोवतालची जमीन काठोकाठ पाण्याने भरली, तर ते पाणी टाकीला ५५ टनांच्या जोराने वर ढकलणार. टाकीचं स्वतःचं काँक्रीट साधारण १४ घनमीटर, म्हणजे ३५ टन. प्लास्टर, टाइल धरून चाळीसच्या आत. सरळ गणित: भर पावसाळ्यात टाकी रिकामी केली तर ती होडी झाली. तरंगणार, नाहीतर तळ फुगून तडकणार. आत पाणी असेल तर आणखी ४२ टन वजन बसतं आणि ती जागची हलत नाही. लोक बिचारे स्वच्छतेच्या हौसेने पावसाळ्यातच पूल उपसतात.

तयार फायबरचा साचा आणून खड्ड्यात ठेवायचा पर्यायही पाहिला होता. काम झटपट होतं, पण वजन काहीच नाही, म्हणजे तरंगायला आणखी उत्सुक. शिवाय आमच्या गल्लीतून तो साचा आणि क्रेन आत येणार कशी?

उपाय तीन केले. तळाखाली फूटभर खडी, त्यात जिओटेक्स्टाइल, म्हणजे माती अडवून पाणी जाऊ देणारं कापड, गुंडाळलेला भोकांचा पाइप. आमचा प्लॉट उतारावर असल्याने तो पाइप पंपाशिवाय आपोआप खालच्या गटारात निघतो, हे आमचं नशीब. डोंगराच्या बाजूला वेगळा चर खणून त्यातही खडी भरली, म्हणजे येणारं पाणी टाकीला भिडायच्या आधीच वळतं. तळाचा स्लॅब भिंतीच्या बाहेर फूटभर काढला, त्यावर भरलेली माती टाकीला दाबून धरते. आणि सगळं फसलंच तर तळात एक झडप आहे. बाहेरचा दाब आतल्यापेक्षा वाढला की ती उघडते आणि जमिनीतलं पाणी आत घेते. पाणी गढूळ होईल, टाकी वाचेल. टाकीशेजारी एक उभा पाइपही सोडलाय. त्यात टेप सोडली की जमिनीतलं पाणी कुठवर आलंय ते कळतं. पूर्ण कामातली ही सगळ्यात स्वस्त वस्तू, आणि मला सगळ्यात लाडकी.

खोदाई दसऱ्यानंतर सुरू केली. वरचा मुरूम जेसीबीने भराभर निघाला, मग काळा कातळ लागला. ब्रेकरचा आवाज काय सांगू! शेजाऱ्यांना दिवाळीचा फराळ पाठवला तो जवळजवळ लाच म्हणूनच. तू पूर्वी लोकलने पारसिकच्या बोगद्यातून जायचास ना, तो १९१६ साली सुरू झाला, सव्वा किलोमीटरहून लांब. या कातळात तेवढं भोक पाडणाऱ्यांविषयी मला त्या आठवड्यात फार आदर वाटला.

काँक्रीट एम ३० ताकदीचं. पाणी धरणाऱ्या बांधकामाचं आयएस ३३७० नावाचं मानक आहे, त्यात यापेक्षा कमी चालत नाही. तळाचा स्लॅब एका दमात ओतला, भिंतीचा वीतभर भागही त्याच्यासोबतच, आणि जोडावर पीव्हीसीचा वॉटरबार, म्हणजे पाणी अडवणारी पट्टी. गळती बहुतेक वेळा काँक्रीटच्या अंगातून होत नाही, जोडांतून होते, नाहीतर पाइप भिंतीतून जातो तिथून. म्हणून सगळे पाइप आधी बसवून मग भिंत भरली. मागाहून छिन्नी मारायला मुकादमाला सक्त मनाई. आता क्युरिंग, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवून पक्कं करणं, चालू आहे: तळावर आळी करून पाणी साठवलंय, भिंतींवर ओलं गोणपाट. सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचं काम माझं. निवृत्तीनंतर इतका नियमित मी कशातच नव्हतो.

नात सुट्टीत येते, त्यामुळे सुरक्षेबाबत मी कुणाचंच ऐकलं नाही. तळाला पाणी ओढणारी जाळी एक असेल आणि तिच्यावर मूल बसलं, तर पंप त्याला धरून ठेवतो, सोडवता येत नाही. म्हणून दोन जाळ्या, एकमेकींपासून मीटरभराहून लांब, एकाच लाइनला जोडलेल्या. एक झाकली गेली तरी दुसरीतून ओढ चालू राहते. भोवती चार फुटी कुंपण, आपोआप बंद होणारं फाटक, कडी आतून आणि वर. दिवे १२ व्होल्टचे, पंपाला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच प्रवाह तोडणारा स्विच. कुंपणामुळे अंगणाचं सौंदर्य जातं असं आर्किटेक्ट म्हणाली. जाऊ दे.

बाकीचं थोडक्यात. परवानगीचे कागद आर्किटेक्टनेच फिरवले. जमीन सिडकोच्या साठ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर, बांधकामाची मंजुरी महापालिकेची, त्यामुळे दोन्हीकडचं बघावं लागतं. पाणी सहा तासांत एकदा पूर्ण गाळून निघेल असा पंप आणि वाळूचा फिल्टर, म्हणजे ताशी सात हजार लिटर. काठावरून सांडणारा ओव्हरफ्लो पूल दिसतो देखणा, पण सांडलेलं पाणी साठवायला त्याला वेगळी बॅलन्सिंग टाकी लागते. आम्ही साधा स्किमर घेतला, म्हणजे भिंतीतलं पृष्ठभागावरचा कचरा ओढून घेणारं तोंड. क्लोरीन एक ते तीन पीपीएम (दहा लाखांत एक ते तीन भाग) आणि पीएच ७.२ ते ७.६, एवढं सांभाळलं की झालं. उन्हात क्लोरीन भराभर उडतं म्हणून सायन्युरिक अॅसिड घालतात. ते मात्र उडत नाही, साठत जातं, आणि पाणी बदलल्याशिवाय कमी होत नाही. आपल्याकडे पाऊसच ते काम फुकटात करतो, मात्र पावसाळ्यात क्लोरीन आणि अल्कलिनिटी, म्हणजे पीएच स्थिर ठेवणारा पाण्यातला क्षार, सारखी तपासावी लागते. खर्चाचा आकडा लिहीत नाही. पत्र तुझ्या घरात कोण कोण वाचतं ते मला ठाऊक आहे.

पाण्याचं तू छेडलंसच म्हणून सांगतो. नवी मुंबईला मोरबे धरणाचं पाणी आहे म्हणून ते टाकीत ओतायचं, हे मनाला पटत नव्हतं. गळतीच्या चाचणीला मात्र चार टँकर लागणारच, त्याला इलाज नाही. ते पाणी औषध न घालता ठेवणार आणि नंतर समोरच्या बांधकामाला क्युरिंगसाठी देणार, तसं बोलणं झालंय. टाइल्स लागल्या की खरी भरती छतावरून. आमचं छत शंभर चौरस मीटरचं. ४२० मिलिमीटर पाऊस पडला की ४२ हजार लिटर होतात, आणि तेवढा पाऊस इथे जुलैच्या दोन आठवड्यांत सहज पडतो. जमिनीतलं पाणी त्याआधी चढलं तर? म्हणून तो उभा पाइप. मृग लागला की रोज टेप सोडायची आणि पाणी तळाच्या वर दिसलं की तत्त्व गुंडाळून टँकर बोलवायचा. उन्हाळ्यात दिवसाला पाच-सहा मिलिमीटर पाणी उडतं, म्हणजे एकशे साठ ते एकशे नव्वद लिटर. त्यावर आच्छादन घातलं की बरंच वाचतं.

आता मेहुण्याला सांग. कोलशेतला डोंगर नाही पण खाडी आहे. तिथलं जमिनीतलं पाणी भरतीबरोबर हलत असणार, आणि खारं असेल तर सळई खाणार. त्याने मे महिन्यात कोरडा खड्डा पाहून कंत्राट देऊ नये. आधी एक चाचणीचा खड्डा घ्यावा, तो ऑगस्टमध्ये पौर्णिमा-अमावास्येच्या भरतीला बघावा, आणि त्यातलं पाणी क्लोराइडसाठी तपासून घ्यावं. उतार नसल्यामुळे त्याच्या खडीतलं पाणी आपोआप निघणार नाही, पंप ठेवावा लागेल, आणि वीज गेली की तोही बंद. एवढं ऐकूनही हौस उरली तर टाकी निम्मी जमिनीत आणि निम्मी वर, असं करता येतं. पायऱ्या चढाव्या लागतात, पण डोक्याला ताप कमी.

चाचणी फेब्रुवारीत आहे. टाकी भरून आठवडाभर तशीच ठेवायची, म्हणजे काँक्रीट काय प्यायचं ते पिऊन घेतं, मग पुढचा आठवडा रोज पातळी मोजायची. पायरीवर एक भरलेली बादली ठेवायची. बादलीत जेवढं उतरलं तेवढं उन्हाने नेलं, टाकीत त्याहून जास्त उतरलं तर गळती. मेहुण्याला घेऊन त्या दुसऱ्या आठवड्यात ये. रविवारी नको, त्या दिवशी मुकादम नसतो आणि मेहुण्याचे प्रश्न त्यालाच विचारायचे आहेत. पोहायचे कपडे आणू नकोस, कच्च्या काँक्रीटवर ढोपरं सोलून निघतील. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
सुध्या