ते फुलपात्र आपण आईच्या हाती दिलेत

आदरणीय सिस्टर,

सप्रेम नमस्कार.

समोरासमोर कोणी धन्यवाद म्हटले की आपण विषय बदलता, हे आपल्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणूनच हे पत्र उघडपणे लिहीत आहे. आपण आमच्यासाठी जे केलेत ते गल्लीपलीकडच्या लोकांनाही कळावे, आणि घरातल्या मधुमेही माणसाला सोबत घेऊन आहार बदलायला निघालेल्या एखाद्या कुटुंबाच्या ते वेळेवर उपयोगी पडावे, असाही हेतू यामागे आहे.

बाबांची साखर गेली बरीच वर्षे गोळ्यांवर आहे, माझ्या यकृतावर चरबी असल्याचे सोनोग्राफीत दिसले होते, आणि घरात एकेकाने वेगळे पथ्य केले की स्वयंपाक करणाऱ्या बाईचे हाल होतात. म्हणून आम्ही सर्वांनी मिळून पॅलिओ आहार करून पाहायचे ठरवले. शेती सुरू होण्यापूर्वीच्या माणसाला जे मिळत असे त्याच्या जवळ जाणारे अन्न खावे, हा त्यामागचा विचार आहे: मांस, मासे, अंडी, भाज्या, कंद, फळे, सुकामेवा आणि तेलबिया चालतात, धान्ये, कडधान्ये, दूधदुभते आणि साखर वर्ज्य. 1985 साली बॉइड ईटन आणि मेल्विन कॉनर या दोन अमेरिकी संशोधकांचा एक लेख वैद्यकीय नियतकालिकात आला आणि त्यानंतर या विचाराकडे अभ्यासकांचे लक्ष गेले. मला तो विचार आजही टाकाऊ वाटत नाही. परंतु कोल्हापुरातल्या घरात तो अमलात आणायचा म्हणजे काय, हे ज्याने कट्ट्यावरची भाकरी, मटकीची उसळ, झुणका, दही आणि गूळ एकाच दिवशी उचलून बाजूला ठेवले असतील त्यालाच कळेल. शेंगदाणाही शेंगवर्गातला, म्हणून तोही गेला. आणि शेंगदाण्याचे कूट गेले की खर्डा, कोशिंबीर, भरली वांगी हे सगळेच एका फटक्यात जाते. उपवासालाही सुटका नाही, कारण वरई हे भरडधान्यच आहे आणि साबुदाणा हा कंदापासून काढलेला असला तरी निव्वळ पिष्ट आहे. राहते ते रताळे.

या बदलासाठी आम्ही एका मार्गदर्शकाची फी भरली होती. त्यांचे नाव मी येथे घेत नाही, पण त्यांनी काय केले ते सांगितल्याशिवाय आपण काय केलेत हे नीट कळणार नाही. बाबांना कोणकोणत्या गोळ्या चालू आहेत, त्यांची नावे आणि मात्रा आम्ही त्यांना पहिल्याच दिवशी लिहून पाठवली होती आणि आहार बदलल्यावर त्यात काही फेरफार लागेल का, असे स्पष्ट विचारले होते. ‘काही अडचण नाही, महिन्याभरात गोळ्या आपोआप सुटतील,’ एवढेच उत्तर आले. ज्या दवाखान्यात बाबांची तपासणी होत असे तेथेही मी फोन केला. पुढच्या तारखेला या आणि तेव्हा डॉक्टरांना विचारा, असे सांगून फोन ठेवण्यात आला. मार्गदर्शकांच्या तक्त्यात अ‍ॅव्होकॅडो होते, सामन मासा होता, ऑलिव्ह तेल होते. घरातले पीठ आणि डाळी देऊन टाका म्हणजे मोह होणार नाही, अशी सूचना होती. माझी मुलगी दहा वर्षांची आहे, तिचे दूधही बंद करायला सांगितले होते. त्या तक्त्यात आमच्या आईचा उल्लेख कुठेही नव्हता, आणि तो सगळा स्वयंपाक तिलाच करायचा होता.

पहिले दिवस कसे गेले ते आपण शेजारून पाहतच होता. मला डोकेदुखी, पत्नीला थकवा, मुलगी शाळेतून भुकेली यायची. आईची अवस्था सर्वांत अवघड होती. लग्न होऊन आल्यापासून ती बाबांच्या ताटात भाकरी वाढत आली आहे. आता तिला मटणाचा रस्सा आणि उकडलेली अंडी वाढून ताटातली ती जागा मोकळी ठेवायची होती. बाबा तक्रार करीत नव्हते, पण हाताला सवयीने भाकरी लागत नाही म्हणून ते रस्सा कसा खावा या विचारात क्षणभर थांबायचे, आणि आई ते बघत उभी राहायची.

त्या आठवड्यातल्या एका संध्याकाळी बाबांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले आणि ते नीट बोलेनासे झाले. मार्गदर्शकांना फोन लागला तेव्हा ते म्हणाले, शरीर नव्या आहाराला सरावते आहे, लिंबूपाण्यात मीठ घालून द्या, साखर मात्र अजिबात नको. पत्नी त्याच वेळी आपल्याकडे धावली होती, हे आमचे नशीब. आपण जेवणावरून उठून आलात, आपले स्वतःचे साखर मोजायचे यंत्र घेऊन आलात, आणि बाबांच्या बोटाला सुई टोचून आकडा पाहिलात. तो 48 होता. 70च्या खाली गेलेली साखर कमीच समजायची आणि 54च्या खाली गेली की धोका, हे मला त्या दिवशी कळले. बाबांच्या गोळ्यांमधली ग्लिमेपिराइड ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. ताटात भाकरी-भात आहे की नाही, हे ती पाहत नाही. भाकरी गेली आणि गोळी तेवढीच राहिली, म्हणून साखर घसरत गेली. चालू असलेली दुसरी गोळी, मेटफॉर्मिन, एकटी असती तर सहसा असे झाले नसते. हे सगळे आपण नंतर शांतपणे समजावलेत. त्या क्षणी आपण फक्त साखरेचा डबा मागितलात, आणि तो माळ्यावर टाकलेला आहे हे ऐकून कपाळाला आठीसुद्धा न घालता आपल्या घरून साखर आणवलीत.

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र मुख्यतः लिहितो आहे ती सांगतो. आई दाराच्या चौकटीला टेकून उभी होती आणि ‘मीच भाकरी दिली नाही, मीच दिली नाही’ एवढे एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती. आम्ही कोणी तिच्याकडे पाहत नव्हतो. सगळ्यांचे डोळे बाबांवर होते. आपण फुलपात्रात तीन चमचे साखर पाण्यात ढवळलीत. बाबा आपल्यापासून हातभर अंतरावर बसले होते, ते शुद्धीवर होते आणि गिळू शकत होते. आपणच त्यांच्या ओठांना फुलपात्र लावणे सर्वांत सोपे आणि सर्वांत लवकर होणारे होते. तरीही आपण मान वळवून आईला हाक मारलीत. ‘वहिनी, इकडे या. तुम्हीच द्या. एकदम नको, घोट घोट द्या,’ असे म्हणून ते फुलपात्र आपण तिच्या हाती दिलेत आणि तिचा हात कापत होता म्हणून तिच्या कोपराखाली आपला तळवा धरून ठेवलात. फुलपात्र रिकामे होईपर्यंत तो तळवा तेथेच होता. पंधरा मिनिटांनी आपण पुन्हा साखर मोजलीत, आकडा वर आला होता. तो आकडाही आपण आधी आईला सांगितलात, मग मला.

त्या संध्याकाळी बाबांचा जीव साखरेच्या पाण्याने सावरला. आईला मात्र त्या पाण्याचा उपयोग नव्हता. आपल्या हातून नवऱ्याला अपाय झाला, ही समजूत घेऊन ती झोपायला गेली असती तर आम्ही कितीही शास्त्र सांगून ती काढू शकलो नसतो, याची मला खात्री आहे. आपण तिला काहीही समजावले नाही, ‘तुमचा दोष नाही’ असेसुद्धा म्हणाला नाहीत. ज्या हातांनी भाकरी वाढली नाही म्हणून ती स्वतःला बोल लावत होती, त्याच हातांनी बाबांना सावरायचे काम आपण तिच्याकडून करून घेतलेत. दुसऱ्या दिवशी ती माझ्या मावशीला फोनवर सांगत होती, ‘मी पाणी पाजले आणि त्यांना बरे वाटले.’ आपले नाव तिने त्यानंतर घेतले, आणि मला वाटते, आपल्याला हेच हवे होते.

ग्लिमेपिराइडचा परिणाम दिवसभर टिकतो, त्यामुळे साखर पुन्हा उतरू शकते, म्हणून आपण आपल्या घरून अर्धी भाकरी आणि कपभर दूध आणून बाबांना खायला लावलेत आणि रात्री दोनदा येऊन साखर तपासलीत. गोळीची मात्रा मात्र आपण स्वतः बदलली नाहीत. इतकी वर्षे शासकीय रुग्णालयाच्या वॉर्डात काढलेल्या परिचारिकेला पुढे काय करायचे हे माहीत नसेल असे नाही. पण ‘ते डॉक्टरांचे काम आहे, सकाळी जाऊ,’ असे म्हणून आपण आमच्यासोबत आलात. डॉक्टरांनी ग्लिमेपिराइड थांबवली, मेटफॉर्मिन चालू ठेवली आणि मांसाहार वाढवायचा असेल तर आधी मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे ते दाखवणारे क्रिएटिनिन पाहू म्हणून रक्त घेतले. ज्याला आम्ही पैसे दिले होते त्याला जे सुचले नाही, जेथे आमची फाइल होती तेथे जे कोणाला ऐकून घ्यावेसे वाटले नाही, ते निवृत्तीनंतर, जेवण अर्धे टाकून, एका शेजारणीने केले. माहिती सगळ्यांकडेच होती. गोळ्यांची नावे आम्ही तिघांनाही सारखीच सांगितली होती. आपण ती ऐकलीत. समोरचा काय सांगतो आहे ते पूर्ण ऐकून घेणे आणि त्याच्या घरात आणखी कोण घाबरलेले आहे हे नजरेने शोधणे, याला कोणतीही पदवी लागत नाही. तरी ते किती कमी ठिकाणी भेटते, हे या प्रकरणात आम्हाला पुरते कळले. आपल्या सरकारी रुग्णालयांविषयी वाईट बोलण्याची सगळ्यांना सवय आहे. आपल्यासारखी माणसे तेथे आयुष्यभर रात्रपाळ्या करीत असतात, हे मी यापुढे प्रत्येक वेळी सांगणार आहे.

नंतर अनेकांनी आम्हाला विचारले की असले खूळ घरात आणलेच कशाला. आपण तसे एका शब्दानेही म्हणाला नाहीत. ‘ताट बदलले की गोळीही तपासून घ्यायची, एवढे त्यांनी सांगायला हवे होते,’ असे म्हणून आपण आईशेजारी स्वयंपाकघरात जाऊन बसलात आणि तिच्या ओळखीच्या पदार्थांतून काय काय राहते ते एकेक करून मोजायला लागलात. तांबडा रस्सा राहतो. पांढरा रस्सा राहतो, त्यात नारळाचे दूध, काजू आणि खसखस असते. बांगडा आणि तारली राहते, सामनची गरज नाही. मेथी, अंबाडी, दोडका, दुधी, भोपळा राहतो. शेंगदाण्याच्या जागी भाजलेले तीळ आणि सुके खोबरे कुटून घ्यायचे. जवसाची चटणी चालते. कांदा-लसूण मसाल्याला कोणाचीच हरकत नाही. गुरुवारी आमच्याकडे मांसाहार नसतो, त्या दिवसासाठी आपण सुरणाचे काप आमसुलाच्या पाण्यात ठेवून खोबरेल तेलावर परतायला सांगितलेत आणि सोबत सोलकढी. आई हे सगळे ऐकताना हळूहळू स्वतःच नावे सुचवू लागली. परक्या मुलखातून आलेला तो आहार तिला त्या दुपारी पहिल्यांदा आपल्या हाताखालचा वाटला, हे मी पाहत होतो. मुलीचे दूध आणि भाकरी मात्र आपण त्याच दिवशी सुरू करायला लावलीत. वाढत्या वयाच्या पोरीवर हे प्रयोग नकोत, हे आपण जरा कडक आवाजात सांगितलेत, आणि तो कडकपणा आम्हाला मनापासून आवडला.

आता आमची डोकेदुखी गेली आहे. बाबा सकाळ-संध्याकाळ साखर मोजून वहीत लिहितात आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने दुपारी अर्धी ज्वारीची भाकरी खातात. बाकीचे आम्ही ठरल्याप्रमाणे चालवत आहोत. याला कोणी पॅलिओ म्हणेल की नाही, याची आम्हाला चिंता नाही. फीचे पैसे परत मागितले होते, उत्तर आलेले नाही.

येत्या बुधवारी आमच्याकडे मटण आहे. आपण जेवायला यायचे आहे. आई आपल्यासाठी आणि नातीसाठी भाकऱ्या करणार आहे, पीठ आजच दळून आणले आहे. आपली रात्रपाळी संपून बरीच वर्षे झाली, तेव्हा ‘ड्यूटी आहे’ हे कारण चालणार नाही.

आपले ऋणी,
शेजारच्या घरातील सर्वजण