शाळांतील विद्यार्थी स्वयंसेवकांचे गट नीट उभे करा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

टोपणनावे ठेवणे, डबा पळवणे, पैसे उकळणे, एखाद्याला वर्गातून वाळीत टाकणे हे प्रकार थांबवण्यासाठी विद्यार्थी स्वयंसेवकांचे गट नेमावेत, असा आग्रह आता शाळाशाळांतून होतो आहे. तो योग्यच आहे. पण गट नेमायची रीत चुकली तर त्रास कमी न होता वाढतो, म्हणून हे पत्र.

आपल्याकडे, म्हणजे कर्नाटकातल्या बेळगाव-खानापूरच्या सीमाभागात, सरकारी मराठी प्राथमिक शाळा बहुतेक गावांत सातवीला संपते. आठवीला मूल बस धरून मोठ्या गावच्या हायस्कूलला जाते, काही जण थेट कन्नड माध्यमात. खानापूरच्या जंगलभागातल्या गवळीवाड्यावरचे मूल, निपाणी-चिकोडीकडे ऊसतोडीला आलेल्यांचे मूल, कन्नड बोलताना अडखळणारे मराठी मूल आणि मराठी शाळेत कन्नड वळणाने बोलणारे मूल, या सगळ्यांची थट्टा बोलण्यावरून सुरू होते. आठ-पंधरा दिवसांत ती आडनावावर आणि जातीवर जाते. त्यामुळे आठवीचे पहिले तीन महिने सर्वांत नाजूक समजावेत.

बहुतेक ठिकाणी स्वयंसेवक म्हणून वर्गाचा मॉनिटर आणि पहिल्या पाचांतली मुले घेतली जातात. इथेच घोटाळा होतो. मॉनिटर फळ्यावर नावे लिहितो हे मुलांच्या डोक्यात पक्के बसलेले असते. त्रास सोसणारे मूल त्याच्याकडे जात नाही. निवड मुलांनाच करू द्यावी. प्रत्येकाला कोरी चिठ्ठी देऊन एकच प्रश्न विचारावा: ‘तुला कोणी त्रास दिला तर वर्गातल्या कोणाला सांगशील? तीन नावे लिही.’ चिठ्ठ्या शिक्षकांनी एकट्याने मोजाव्यात, कोणाला किती मते पडली ते जाहीर करू नये आणि मोजून झाल्यावर त्या फाडून टाकाव्यात. चाळीसच्या वर्गातून दोन मुली, दोन मुलगे पुरेत. त्यांत किमान एक जण बसने येणारा हवा आणि घरी कन्नड बोलणारा एक हवाच. यादीत एखादा दांडगट मुलगा आला तरी त्याला घाईने वगळू नये. ज्याचे वर्ग ऐकतो तो आपल्या बाजूने उभा राहिला तर मोठे काम होते. अमेरिकेत न्यू जर्सीच्या 56 शाळांत असा प्रयोग झाला. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांत भांडणतंट्याच्या नोंदी सुमारे 25 टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले आणि ज्यांच्याकडे बाकीची मुले पाहतात अशी मुले गटात जास्त होती तिथे परिणाम अधिक होता.

स्वयंसेवकाने नेमके काय करायचे? जवळ जाऊन उभे राहायचे, ‘चल, डबा खायला जाऊ’ म्हणत त्या मुलाला तिथून बाजूला न्यायचे आणि ठरलेल्या एका शिक्षकाला त्याच दिवशी सांगायचे. जायचे नेहमी दोघांनी. चौकशी करायची नाही, हात उगारायचा नाही, मोबाईलवर व्हिडिओ काढायचा नाही. हे किरकोळ वाटेल, पण टोरांटोच्या शाळांच्या मैदानांवर केलेल्या निरीक्षणांत (2001) असे दिसले की त्रास दिला जात असताना दहापैकी जवळजवळ नऊ वेळा इतर मुले हजर होती. मध्ये पडणारी थोडीच, पण ती पडली तेव्हा निम्म्याहून अधिक प्रसंग दहा सेकंदांच्या आत थांबले. दांडगाईला बघे लागतात. एक जण हलला की घोळका विस्कटतो.

समेट घडवून आणायला मात्र मुलांना कधीही लावू नये. ‘हात मिळवा, झालं गेलं विसरा’ हा तोडगा बरोबरीच्या दोघांच्या भांडणात चालतो. इथे एक बाजू दबलेली असते. ती सर्वांसमोर हात मिळवते आणि बसमध्ये दुप्पट भोगते. केंब्रिजच्या संशोधकांनी 2011 साली अशा उपक्रमांचा एकत्रित आढावा घेतला तेव्हा मुलांवरच मध्यस्थी सोपवण्यासारख्या पद्धतींत त्रास वाढल्याचेही आढळले होते. बिल्ले आणि पट्टे देणेही टाळावे. त्यामुळे काही मुले शिपाईगिरी करू लागतात आणि बाकीच्यांवर ‘चहाडखोर’ असा शिक्का बसतो.

आता तक्रारपेटीविषयी. ती मुख्याध्यापकांच्या दारात टांगलेली असते. चिठ्ठी कोण टाकतो ते सगळ्यांना दिसते, म्हणून पेटी रिकामी राहते आणि शाळा म्हणते, ‘आमच्याकडे तक्रारच नाही.’ त्याऐवजी दर शनिवारी शाळा सुटण्याआधी पाच मिनिटे काढून प्रत्येक मुलाने चिठ्ठी द्यायची. ए-फोर कागदाचे आठ तुकडे केले की चाळीस मुलांना पाच कागद पुरतात. ज्याला सांगण्यासारखे काही नाही त्याने ‘सर्व ठीक’ असे दोनदा लिहायचे, म्हणजे कोणाचे पेन किती वेळ चालले यावरून संशय येत नाही. प्रश्न चारच: कुठे, केव्हा, काय झाले, कोणाशी बोलायचे आहे का. मराठी, कन्नड, उर्दू, ज्या भाषेत जमेल त्या भाषेत लिहू द्यावे. नाव ऐच्छिक. चिठ्ठ्या शिक्षकांनी त्याच दिवशी वाचाव्यात. सोमवारपर्यंत ठेवल्या तर मधला रविवार एखाद्या मुलाला जड जातो. प्रार्थनेच्या वेळी चिठ्ठी वाचून दाखवणे हा तर विश्वासघात आहे, अक्षर लगेच ओळखले जाते.

महिनाभराच्या चिठ्ठ्यांतील ‘कुठे’ एकत्र मांडले की जागा कळतात: मुतारीची मागची बाजू, पाण्याची टाकी, दुपारच्या जेवणाची रांग, बसची शेवटची बाके. तिथे शिक्षकाची फेरी लावावी; स्वयंसेवकाला पहाऱ्यावर उभे करू नये. बसमधल्या त्रासासाठी मुख्याध्यापकांनी डेपो व्यवस्थापकांना लेखी कळवून वाहकाशी बोलावे. प्रत्येक घटनेची वहीत नोंद करून सात दिवसांनी आणि पुन्हा महिन्याने त्या मुलाला एकट्याला विचारावे. ही दुसरी विचारणा बहुतेक शाळा विसरतात आणि त्रास तेव्हाच परत सुरू झालेला असतो.

लैंगिक स्पर्श, जीव देण्याची भाषा, हत्यार, पैशांची वसुली आणि जातीवरून शिवीगाळ या गोष्टी स्वयंसेवकांच्या आवाक्याबाहेरच्या आहेत, हे त्यांना पहिल्याच दिवशी सांगावे. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर पोक्सो, म्हणजे बालकांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या, कायद्यानुसार (2012) पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. शाळेत मिटवामिटवी करणे हाच गुन्हा ठरतो. 1098 ही बालकांसाठीची हेल्पलाइन आणि 14416 हा मानसिक आरोग्याचा क्रमांक प्रत्येक वर्गात लावावा.

शिक्षकच जर एखाद्याला ‘ए ढब्ब्या’ म्हणून हाक मारत असतील, तर मुलांनी काय करावे? शिक्षण हक्क कायद्याच्या (2009) कलम 17 ने मानसिक छळालाही बंदी आहे, याची उजळणी शिक्षकांच्या बैठकीतही व्हावी.

सीमाभागासाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. 1 नोव्हेंबरच्या (कर्नाटक राज्य स्थापनेचा दिवस, जो इथले मराठी लोक काळा दिन म्हणून पाळतात) आसपास आणि डिसेंबरात बेळगावला कर्नाटक विधिमंडळाचे अधिवेशन असते तेव्हा मोठ्यांचा वाद वर्गात शिरतो आणि मुले एकमेकांना ‘तुमचे’ आणि ‘आमचे’ म्हणू लागतात. त्या आठवड्यांत स्वयंसेवकांची जोडी एक मराठी, एक कन्नड अशीच ठेवावी आणि शिक्षकांसोबतची त्यांची एरवी आठवड्यातून एकदा होणारी वीस मिनिटांची बैठक रोज घ्यावी. निवड जुलैत झाली, तरच नोव्हेंबरपर्यंत मुले एकमेकांना ओळखू लागतात.

आपले,
शाळकरी मुलांसोबत काम करणारे काही शिक्षक व कार्यकर्ते
बेळगाव आणि खानापूर तालुका