फाइट पासचे पैसे परत करा आणि "रिझल्ट कळला ना" हे उत्तर मागं घ्या

कस्टमर केअरच्या मोठ्या साहेबांना,

आत्ताच तुमच्या माणसाचा फोन ठेवलाय. रविवारची बॉक्सिंगची फाइट तुमच्या ॲपवर लाइव्ह बघायला पैसे भरून घेतलेल्या फाइट पासची माझी तक्रार तुम्ही "सॉल्व्ह्ड" म्हणून बंद केलीय, काय सॉल्व्ह केलं ते सांगा. दहाव्या राउंडला चित्र थांबलं ते परत आलं तेव्हा रेफरी जिंकलेल्याचा हात वर करत होता. नेट ठीक होतं, त्याच वायफायवर शेजारच्या मोबाइलवर यूट्यूब चालू होतं.

तुमचा माणूस म्हणतो, "मैच तो हो गया ना सर, रिजल्ट पता चल गया ना?" मी म्हटलं रिझल्ट व्हॉट्सॲपवर फुकट कळतो, पैसे आम्ही बघायला दिलेत. तर म्हणे हायलाइट्स आहेत. त्यात दहावा राउंड आहे काय विचारलं तर होल्डवर टाकलं, कितीतरी वेळ ते म्युझिक, आणि परत येऊन, "और कोई सहायता सर?" अहो, पहिली सहायता कुठं केली? मराठीत बोला म्हटलं, तर नाही; कन्नडमध्ये बोला म्हटलं, तर तेही नाही. पास विकताना बेळगाव, खानापूर, निपाणीत मराठीत मेसेज पाठवता, तक्रारीला मात्र मराठीचा नंबरच नाही.

मी बॉक्सिंग आधीपासून बघतो, मी परत येईन एखादवेळ. पण त्या सकाळी तालमीत टीव्ही लावून ज्यांना बसवलं होतं ती सगळी कुस्तीवाली माणसं, बॉक्सिंग पहिल्यांदाच बघायलेली. ती आता येणार नाहीत. मोठ्या फाइटनं नवीन लोक येतात म्हणता ना, येतात, पण एकदाच येतात. २०१५ ची मेवेदर-पॅकियाओ फाइट बघा, अमेरिकेत ४६ लाख पास विकले गेले, शंभर डॉलरच्या आसपास एक, आणि बारा राउंड रटाळ झाल्यावर नवखी माणसं चिडूनच उठली, त्यात पॅकियाओचा खांदा आधीपासून दुखावलेला होता हे फाइट झाल्यावर कळलं. फाइट लवकर संपली म्हणून कोण चिडत नाही, टायसननं १९८८ ला स्पिंक्सला ९१ सेकंदात झोपवलं ते लोक अजून सांगतात. २०१७ ला लंडनच्या वेम्बली स्टेडियमात ९० हजार लोकांसमोर क्लिच्को-जोशुआ फाइट झाली, क्लिच्को पाचव्या राउंडला पडला, जोशुआ सहाव्यात पडला, अकराव्यात निकाल लागला. ती फाइट कुणी दहाव्याला बंद करून रिझल्ट तेवढा सांगितला असता तर काय राहिलं असतं?

आणि आधीच्या फाइटी कुणाच्या कुणाशी, मेन फाइट आपल्या टायमानं किती वाजता, काहीच ॲपवर नाही. बेळगावात आनंदवाडीच्या कुस्तीच्या आखाड्यात मोठी जोड असली की खालच्या जोडी बघायला पण लोक आधीपासून बसतात, कारण पत्रकात सगळी नावं छापलेली असतात. तुम्ही दोन चेहऱ्यांचा फोटो लावून पैसे घेतलात, लोक नुसते वाट बघत बसले, आणि दहाव्याला चित्र गेलं ते फाइट संपेपर्यंत आलंच नाही.

पासचे पूर्ण पैसे परत पाहिजेत, कूपन नको, पुढच्या फाइटचा डिस्काउंट नको. दहावा राउंड धरून पूर्ण फाइट रिप्लेला टाका. आठवड्यात झालं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवतो, तिथनं पण नाही झालं तर बेळगावच्या ग्राहक आयोगात अर्ज देतो. कॉल तुम्ही रेकॉर्ड करता, तेवढा "रिजल्ट पता चल गया ना" वाला भाग स्वतः ऐका आणि मगच मला फोन करा.