मंगोलांचा व्यापार आणि आपला किनारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मंगोल साम्राज्य आणि जगाचा व्यापार या विषयावर आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख आवडीने वाचला. चंगीझ खान म्हणजे केवळ कत्तली करणारा क्रूरकर्मा, या ठरावीक चित्राच्या पलीकडे वाचकाला नेल्याबद्दल लेखकाचे आभार मानले पाहिजेत. मात्र लेखातील दोन विधाने खटकली. मंगोलांनी खुल्या व्यापाराचा पाया घातला, हे पहिले. आणि दिल्लीच्या सुलतानांनी त्यांना सिंधूपाशी रोखल्यामुळे हिंदुस्थान या सगळ्या उलाढालीपासून अलिप्त राहिला, हे दुसरे. पहिले अर्धेच खरे आहे आणि दुसरे सरळ चुकीचे आहे.

मंगोलांना व्यापाराची ओढ होती, याबद्दल दुमत नाही. १२१८ मध्ये सिर दर्याकाठच्या ओत्रार शहराच्या सुभेदाराने चंगीझ खानाकडून आलेला सुमारे ४५० व्यापाऱ्यांचा तांडा हेरगिरीच्या संशयावरून अडवला, माणसे मारली आणि माल लुटला. भरपाई मागण्यास गेलेल्या वकिलालाही (राजदूतालाही) ओत्रार ज्याच्या राज्यात होते त्या ख्वारझमच्या शाहने ठार केले. त्यानंतरच्या तीन-चार वर्षांत मंगोलांच्या स्वारीत बुखारा, समरकंद, मर्व, निशापूर ही भरभराटीची शहरे उद्ध्वस्त झाली. पण तो तांडा होता कोणाचा, हा प्रश्न लेखात आलेला नाही. खानाने आपल्या मुलांना आणि सरदारांना आपापल्या पदरचे लोक भांडवल देऊन या तांड्यात धाडण्यास सांगितले होते. व्यापारी बहुतेक मुसलमान होते, पैसा मात्र राजघराण्याचा होता. सत्ताधाऱ्यांनी चांदी पुरवायची आणि व्यापाऱ्याने ती फिरवून नफा आणून द्यायचा, अशी ही भागीदारी पुढे साम्राज्यभर रूढ झाली. या भागीदार व्यापाऱ्यांची मिजास इतकी वाढली, की ते सरकारी डाकेचे घोडे खासगी कामाला वापरू लागले आणि अखेर चंगीझचा नातू मोंगके खान याला त्यांना तशी मनाई करावी लागली. भांडवल, वाहतूक आणि संरक्षण ही तिन्ही दरबाराकडून मिळत असलेल्या या व्यापाराला ‘खुला’ म्हणणे कठीण आहे. हेरातचे विणकर उचलून दूर उइघुर प्रदेशात नेऊन बसवले गेले आणि तेथे ते खानांसाठी जरीचे कापड विणू लागले, ही ‘सांस्कृतिक देवाणघेवाण’ खरीच. पण त्या विणकरांना कोणी विचारले नव्हते.

राजसत्तेचा हात बाजारावर किती चालत होता आणि कोठे थांबत होता, हे तब्रीझमधील १२९४ च्या एका प्रसंगातून उत्तम दिसते. इराणमधील इलखान (तेथील मंगोल राजा) गैखातू हा कमालीचा उधळ्या. त्यात गुरांच्या साथीने जनावरे मेली आणि खजिना रिकामा झाला. तेव्हा वजीर सद्रुद्दीन झंजानी याने चीनमधील कुब्लाई खानाच्या धर्तीवर कागदी चलन काढण्याचा सल्ला दिला. तेथील पद्धत समजावून सांगण्यासाठी चीनहून आलेला मंगोल वकील बोलाद दरबारात हजर होताच. नोटा छापल्या गेल्या. त्यांवर चिनी अक्षरे होती आणि इस्लामचा कलिमाही होता. जो त्या नाकारील त्याला देहदंड, असा हुकूम निघाला. परिणाम असा झाला, की व्यापाऱ्यांनी दुकाने बंद केली, बाजारात धान्य मिळेना आणि लोक शहर सोडून जाऊ लागले. सुमारे दोन महिन्यांत हुकूम मागे घ्यावा लागला. चीनमध्ये नोटा चालत होत्या, कारण तेथे कागदी चलनाची सवय शतकांची होती. तब्रीझच्या सराफाला मात्र हातात धातू हवा होता. पुढे १३३० च्या सुमारास मुहम्मद तुघलकाने चांदीच्या नाण्याच्या किमतीची तांब्या-पितळेची नाणी काढली आणि त्यांतील काही आपल्या दौलताबादच्या टांकसाळीतही पाडली गेली. त्यामागे चीन आणि इराणमधील प्रयोगांची वार्ता असावी, असे अनेक इतिहासकारांचे मत आहे. ते बरोबर असेल, तर मंगोलांचा एक विचार देवगिरीच्या पायथ्यापर्यंत पोहोचला होता, असे म्हणावे लागेल.

आता दुसऱ्या विधानाकडे वळतो. लेखकाने मंगोल शांततेचे जे वर्णन केले आहे, त्यातून चीनपासून काळ्या समुद्रापर्यंतचा खुष्कीचा मार्ग शतकभर निर्वेध होता, असा समज होतो. वस्तुस्थिती अशी, की १२६० नंतर चंगीझचे नातू आणि पणतू एकमेकांशीच लढत होते. व्होल्गाकाठचा बर्के आणि इराणमधील हुलागू यांचे १२६२ मध्ये युद्ध जुंपले, तर मध्य आशियातील कैदूने कुब्लाईशी तीन दशके झुंज दिली. घराण्यांत सर्वत्र तह झाला तो १३०४ मध्ये. इलखान अर्घूनसाठी कुब्लाईच्या दरबारातून वधू घेऊन निघालेले वकील या लढायांमुळेच वाटेतून माघारी फिरले, आणि मग मार्को पोलोसह ती सारी मंडळी जहाजांतून, सुमात्रा आणि हिंदुस्थानच्या बाजूने, होर्मुझला गेली, असे पोलोच सांगतो. मंगोलांच्या दोन राज्यांना जोडणारा भरवशाचा दुवा अनेकदा समुद्र हाच होता आणि त्या समुद्रवाटेच्या मध्यावर आपला पश्चिम किनारा येतो.

पोलोने ठाण्याचे वर्णन केले आहे. येथे मिरी पिकत नाही, पण धूप, कमावलेली कातडी आणि सुती कापड मोठ्या प्रमाणात बाहेर जाते, असे तो लिहितो. त्याहून रंजक नोंद चाच्यांविषयीची आहे. ठाण्याच्या राजाचा चाच्यांशी करार होता: लुटीतील घोडे राजाचे, बाकी सोने-नाणे आणि माल चाच्यांचा. इराणी आखातातून आणि अरबस्तानातून हिंदुस्थानात दरवर्षी घोड्यांनी भरलेली जहाजे येत, आणि त्यांतील एक प्रमुख बंदर होर्मुझ हे इलखानांचे मांडलिक होते. उत्तर कोकण त्या वेळी देवगिरीच्या यादवांकडे होते, त्यामुळे पोलोचा ‘राजा’ हा त्यांचाच कोणी स्थानिक अधिकारी असावा, असा माझा तर्क आहे. घोडा मिळवण्यासाठी चाच्यांशी सलगी करणारा राज्यकर्ता पोलोला लाजिरवाणा वाटला. दख्खनमध्ये चांगला घोडा निपजत नसल्याने हा व्यवहार का होत असेल, हे आपल्याला कळण्यासारखे आहे.

१३२१ मध्ये चीनला निघालेल्या चार ख्रिस्ती धर्मप्रचारकांचे जहाज वाऱ्याने ठाण्याला लागले आणि धार्मिक वादातून तेथे त्यांची हत्या झाली. काही काळाने आलेल्या ओडोरिक या इटालियन साधूने त्यांच्या अस्थी बरोबर घेऊन मंगोल चीनमधील च्वानचौ बंदरापर्यंत नेल्या. त्याच बंदरात १२८१ चा तमिळ शिलालेख सापडला आहे. तेथे उभारलेल्या शिवमंदिराचा आणि खानाच्या आरोग्यासाठी केलेल्या प्रार्थनेचा त्यात उल्लेख आहे. कुब्लाईचे वकील त्याच सुमारास केरळात कोल्लमला आले होते. हिंदुस्थान अलिप्त राहिला, हे विधान यापुढे टिकत नाही.

दिल्लीने मंगोलांना रोखले, हे मात्र निर्विवाद आहे. त्यासाठी अल्लाउद्दीन खिलजीला प्रचंड फौज बाळगावी लागली, आणि ती कमी पगारात पोसता यावी म्हणून त्याने धान्यापासून घोड्यांपर्यंत सर्वांचे भाव बांधून दिले, असे चौदाव्या शतकातील इतिहासकार बरनी सांगतो. १२९६ ची देवगिरीवरील स्वारी त्याने दिल्लीचे तख्त मिळवण्यासाठी केली होती. १३०७ नंतरच्या दक्षिणेतील मोहिमांमागे मात्र या लष्करी खर्चाचाही भार असावा, असे मला वाटते.

लेखमाला पुढे सुरू राहणार असल्यास एक विनंती आहे. पुरवणीतील नकाशात केवळ वाळवंटातील वाटा दाखवल्या आहेत. पुढील भागात होर्मुझ, ठाणे, कोल्लम आणि च्वानचौ यांना जोडणारी समुद्रवाटही छापावी आणि लेखकाने तिच्यावर एखादा स्वतंत्र लेख लिहावा.

आपला,
एक नियमित वाचक, ठाणे